उशिराचं कारण

"सुशील सुटला, माय," अंकुर म्हणाला आणि काचेपलीकडून आईकडे पाहत राहिला.

गयाबाईने टेलिफोनचा रिसीव्हर कानाला घट्ट धरला. दुर्गच्या जेलमधल्या मुलाकातीच्या खोलीत आठ-दहा माणसं एकाच वेळी बोलत असायची. अर्धं ऐकू यायचं, अर्धं ओठांवरून समजून घ्यावं लागायचं. हे मात्र तिला स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी तिने विचारलं, "कोन सुशील?"

"आपला सुपेल्याचा. माह्या केसमधला. हायकोर्टानं त्याची जन्मठेप काढून टाकली. सात वर्सं केली. तेवढी तर त्याची होऊनच गेली होती. परवा गेला घरी."

"बरं झालं त्याचं."

"हो, बरं झालं. पण त्याची अन् माही केस एकच आहे. दोघाईले शिक्षा एकाच दिवशी लागली. मंग माही अपील कावून नाई लागून राहिली? वकिलाले विचार ना तू. त्याचं नाव काय व? तू कधी सांगतलंच नाई."

गयाबाईच्या तोंडात नाव आलं नाही. कसं येणार? वकील नव्हताच. कधीच नव्हता.

तेवढ्यात वेळ संपली आणि लाइन बंद झाली. अंकुरचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. सुटल्यासारखं वाटून गयाबाईने रिसीव्हर खाली ठेवला, आणि सुटल्यासारखं वाटलं म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटली.

गयाबाईचा नवरा रामाजी भंडाऱ्याकडचा. शेतीवाडी भावांच्या हवाली करून तो भिलाईला आला, स्टील प्लांटमध्ये कोळशाच्या भट्ट्यांवर, कोक ओव्हनला लागला आणि रिटायर झाल्यावर प्लांटचं क्वार्टर सोडून त्याने जवळच कोहक्यात घर बांधलं. घराला रंग लागायच्या आत तो गेला. मागे राहिले गयाबाई, मुलगा अंकुर, सून प्रांजली आणि नात गुंजन. अंकुर रसमड्याच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे होता. काम चांगलं करायचा. पण पिऊन घरी आला की त्याचा हात प्रांजलीवर उठायचा. कधी कधी न पिताही.

त्याच अंकुरला पोलिसांनी एका संध्याकाळी घरून नेलं. सुपेल्याच्या बाजारात दारूच्या दुकानापुढे भांडण झालं होतं, एका माणसाच्या डोक्यात लोखंडी रॉड बसला होता आणि तो माणूस दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला होता. अंकुर आणि सुशील दोघे पकडले गेले. केस चालली. दोघांना जन्मठेप लागली.

अंकुर म्हणायचा, "माय, मी मारलं नाई." गयाबाई मान हलवायची, पण तिच्या मनात शंका नव्हती. ज्या हाताने प्रांजलीचा हात पिरगाळून मोडला, त्याच हाताने रॉड उचलला असणार, असं तिने धरूनच टाकलं होतं.

शिक्षा लागल्यावर जेलमधल्या साहेबांनी अंकुरला विचारलं होतं. अपील करायचंय का, वकील नसेल तर सरकारकडून फुकट मिळतो, कागद इथूनच पाठवता येतात. अंकुरने पुढच्या मुलाकातीत आईला विचारलं, तेव्हा गयाबाईच म्हणाली होती, "सरकारी वकील कावून? आपण बिलासपूरच्या हायकोर्टातला चांगला पाहू. तू तिथं सही नोको करू." हे तिने कपटाने म्हटलं नव्हतं. आपल्या पोटच्या पोरासाठी आपण फुकटचा वकील घ्यायचा, हे तिला कमीपणाचं वाटलं होतं, एवढंच.

आणि ती बिलासपूरला गेलीही होती. निकालाचे कागद पिशवीत घालून, भिलाईच्या पॉवर हाऊस स्टेशनवरून सकाळची गाडी पकडून. निघायच्या आधी घरात एक लहानशी गोष्ट घडली. गुंजनच्या हातून स्टीलचा गिलास पडला. एरवी घरात भांडं वाजलं की ती पोर आधी दाराकडे पाहायची, मग आईच्या मागे जायची. त्या दिवशी तिने गिलास उचलला, फरशीवरचं पाणी फ्रॉकने पुसलं आणि पुन्हा खेळायला लागली. प्रांजली ओट्याशी पोहे परतत होती. तिनेही मागे वळून पाहिलं नाही.

गाडीत सगळा वेळ गयाबाईच्या डोळ्यांपुढे दोघींचं ते न पाहणं येत राहिलं. बिलासपूरला उतरून ती प्लॅटफॉर्मवरच बाकड्यावर बसली. चहा घेतला. हायकोर्ट किती लांब आहे, ऑटो कुठून मिळेल, हे कोणाला तरी विचारायचं होतं. विचारलं नाही. समोर दुर्गकडे जाणारी गाडी लागली तेव्हा ती उठली आणि त्या गाडीत जाऊन बसली. ठरवून केलं असं तिला कधी म्हणता आलं नाही. पण गाडी सुटेपर्यंत खाली उतरायला भरपूर वेळ होता, हेही तिला कधी विसरता आलं नाही.

पुढच्या मुलाकातीत अंकुरने विचारलं, "वकील केला?"

"केला," ती म्हणाली.

त्या एका शब्दाला दर महिन्याला नवीन टेकू द्यावा लागला. केस नोंदली. केसचा नंबर यायचाय. आता कोर्टाला सुट्ट्या आहेत. करोनाच्या दिवसांत तर टेकू शोधावाच लागला नाही. अंकुर विश्वास ठेवत गेला. आई खोटं बोलेल हे त्याच्या डोक्यात यायचं काही कारणच नव्हतं. सरकारी वकिलांकडून कोणी जेलमध्ये चौकशीला आलं की तो सांगायचा, "मेरा प्राइवेट है."

इकडे घर बदललं. प्रांजली सुपेल्याच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवर कामाला लागली. गुंजन शाळेत पहिल्या बाकावर बसू लागली. गयाबाई स्वतःला सांगायची, पोरगी थोडी मोठी होऊ दे, मग करू अपील. मग एकदा कोणाच्या तरी बोलण्यात आलं की अपिलाला मुदत असते. तेव्हा तिने मनात म्हटलं, चला, आता आपल्या हातात काही राहिलं नाही. ते ऐकून तिला हलकं वाटलं होतं. आता आठवलं की तेच तिला सगळ्यात जास्त बोचायचं.

जेलमधून निघाल्यावर ती घरी गेली नाही. सरळ सुशीलच्या घरी गेली. सुपेल्यात त्याच्या भावाचं वेल्डिंगचं दुकान होतं, घर त्याच्या मागे. सुशील दुकानाच्या पायरीवर रस्त्याकडे बघत बसला होता. इतक्या गाड्या एकदम बघायची सवय राहिली नव्हती त्याला. गयाबाईला पाहून तो उठला, पाया पडला, आतून खुर्ची आणली.

"काकू, अंकुरचं कसं काय मागं राहिलं?" त्यानेच विषय काढला. "त्याचं तर माह्या आधी व्हायले पायजे होतं."

"आधी कावून?"

सुशीलने मान खाली घातली. "रॉड माह्या हातात होता. त्यानं नुसतं त्या माणसाले मागून धरलं होतं. सोडवाले धरलं का माराले धरलं, थे त्याचं त्यालेबी सांगता येनार नाई, इतकी पेऊन होतो आमी. पन मारलं मी. मले सरकारनं वकील देल्ला, जेलातूनच कागद गेले. त्यानं हायकोर्टाले एवढंच सांगतलं का भांडन अचानक झालं, जीव घ्याचा इरादा नोता. कोर्टानं मानलं." तो थांबला. "तुमचा वकील काय म्हनून राहिला?"

गयाबाईने पाणी मागितलं. गिलास अर्धा प्यायली आणि उठली. सुशील ऑटो थांबवून देतो म्हणाला, पण ती पायीच निघाली. दुकानांच्या गर्दीत तिला कोणीतरी धक्का दिला, कोणीतरी "देख के चलो अम्मा" म्हणालं. ती चालत राहिली. अंकुर खरं बोलत होता. इतकी वर्षं दर महिन्याला तो काचेपलीकडून खरं बोलला होता आणि ती खोटं.

प्रांजली ड्यूटीवरून आली, तिने चहा ठेवला. गुंजन ट्यूशनला गेली होती. गयाबाईने प्रांजलीला स्वयंपाकघरातच गाठलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बिलासपूरचं स्टेशन, वकिलाचं खोटं, सुशील काय म्हणाला ते. सांगताना तिने एकदाही 'तुह्यासाठी' असं म्हटलं नाही. शेवटी प्रांजलीनेच विचारलं.

"माह्यासाठी केलं काय हे?"

"तुह्यासाठी. अन् पोरीसाठी."

चहा उतू गेला. प्रांजलीने गॅस बंद केला, पण पुसलं नाही.

"आई, मले विचारलं होतं काय तुमी?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "माहा हात मोडला तेव्हा मी डॉक्टरले सांगनार होती. तुमी माह्या आधी बोलल्या, बाथरूममधे घसरली म्हनून. मी ठाण्यात जाते म्हटलं, तर तुमी दारात उभ्या राहिल्या. घरची गोष्ट घरात राहू दे म्हणाल्या. मंग तुमीच त्याले आत ठेवाले हे केलं. तुमी त्याले कोर्टात जाऊ देल्लं नाई, अन् मलेबी जाऊ देल्लं नाई. दोघाईचा फैसला तुमीच करून टाकला."

आपण सुनेला वाचवलं, एवढाच एक आधार गयाबाईने इतकी वर्षं धरून ठेवला होता. तोही गेला.

"अन् मीबी काही कमी नाई," प्रांजली पुढे म्हणाली. "वकिलाचा कधी फोन येत नाई, तुमी कधी बिलासपूरले जात नाई. हे मले दिसत नोतं काय? दिसत होतं. मी विचारलं नाई. मले बरं वाटून राहिलं होतं ना." तिने फडकं घेतलं आणि ओटा पुसायला लागली. "उद्या मी सुट्टी टाकते. दुर्गच्या कोर्टात सरकारी वकिलाचं ऑफिस आहे, तिथं जाऊ. पन एक सांगून ठेवते. तो बाहेर आला तर मी या घरात राहनार नाई."

"नोको राहू," गयाबाई म्हणाली.

दुर्गच्या कोर्टात, गरिबांना आणि कैद्यांना फुकट वकील देणाऱ्या ऑफिसात टीना वर्मा नावाची वकील त्यांना भेटली. तिशीतली असेल. दुसऱ्या कामात होती, पण ऐकता ऐकता तिने हातातलं पेन खाली ठेवलं.

"अपील करना कैदी का हक है, अम्मा," ती म्हणाली. "घरवालों का नहीं. आपने उसका दरवाजा बाहर से बंद कर दिया."

गयाबाईने मान हलवली. "अब खुलेगा क्या?"

खुलेल, टीना म्हणाली. मुदत केव्हाच गेली असली तरी उशीर माफ करा असा अर्ज करता येतो. मात्र उशीर का झाला, त्याचं कारण कोर्टाला पटलं पाहिजे, आणि ते शपथेवर द्यावं लागेल.

"मेरी तबीयत खराब थी, ऐसा लिख दो," गयाबाई म्हणाली. तोंडातून निघून गेलं.

"थी क्या?"

गयाबाईने शेजारी बसलेल्या प्रांजलीकडे पाहिलं.

"नहीं थी," गयाबाई म्हणाली. "जो हुआ वही लिखो. मैंने उससे झूठ बोला, ऐसा लिखो."

टीनाने एकेक गोष्ट विचारून लिहून काढली. सुनेला मार कसा पडायचा, तेही त्यात आलं. कारण त्याशिवाय कोर्टाला हे समजलंच नसतं. वाचून दाखवलं तेव्हा ते सगळं फार थोडक्यात बसलं होतं. इतकी वर्षं, आणि फक्त एवढंच. गयाबाईने सही केली.

उठताना प्रांजली थांबली. "मॅडम," ती म्हणाली, "एक केस मेरा भी है."

अंकुरला टीनानेच जेलमध्ये जाऊन सांगितलं असतं. गयाबाई नको म्हणाली. ते मलाच सांगू द्या.

मुलाकातीच्या दिवशी अंकुर दाढी करून आला होता. सुशील सुटल्यापासून त्याला आशा लागली होती. त्याने बसायच्या आधीच रिसीव्हर उचलला.

"भेटला काय वकील?"

"वकील नोता, अंकुर," गयाबाई म्हणाली. "मी केलाच नाई. तुही अपील गेलीच नाई."

त्याला नीट ऐकू आलं नाही असं वाटून तिने पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा अवघड गेलं. अंकुर ओरडेल, काचेवर हात आपटेल, असं तिला वाटलं होतं. त्यासाठी ती तयार होऊन आली होती. त्याने फक्त विचारलं, "कावून?"

"तू घरी आला असता तर प्रांजलीले पुन्हा मारलं असतं."

अंकुरने रिसीव्हर मांडीवर ठेवला. दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला. शेजारचा कैदी आपलं बोलणं थांबवून त्याच्याकडे पाहायला लागला. गयाबाई काचेला हात लावून बसून राहिली. वेळ संपत आली तेव्हा त्याने रिसीव्हर पुन्हा कानाला लावला.

"मारत होतो मी तिले," तो म्हणाला. "थे खरं आहे. त्याच्यासाठी माह्यावर केस टाकायची होती ना, माय. मी इथंच होतो. कुठं पळून जानार होतो? पन ही शिक्षा त्याची नोती."

"नोती," गयाबाई म्हणाली.

"मंग?"

ह्या 'मंग'चं उत्तर द्यायच्या आधी लाइन बंद झाली. पुढच्या महिन्यात ती गेली तेव्हा कैद्याला भेटायचं नाही, असा निरोप आला. त्याच्या पुढच्या महिन्यातही. टीनाच्या वकीलपत्रावर मात्र त्याने लगेच सही केली होती. गयाबाई तरीही दर महिन्याला जात राहिली. नाव नोंदवायची, बाकावर बसायची, निरोप घ्यायची, परत यायची. प्रांजलीने एकदा विचारलं, कशाला जाता? ती म्हणाली, "नाई म्हनासाठी तरी त्याले कोनी पायजे ना."

हायकोर्टाने उशीर माफ केला. टीना फोनवर म्हणाली, "जज साहब ने आपका शपथपत्र पूरा पढ़ा." चांगलं वाटून वाचलं की वाईट वाटून, हे तिने सांगितलं नाही आणि गयाबाईनेही विचारलं नाही. अपील दाखल झालं. सुशीलला जे मिळालं तेच अंकुरलाही मिळायला हवं, असं टीनाच्या बिलासपूरच्या सहकाऱ्यांनी मांडलं. सुनावणी संपून निकाल यायला अजून एक उन्हाळा गेला. निकाल तसाच आला. अंकुरची शिक्षा भोगून केव्हाच झाली होती. जास्तीची जी वर्षं झाली, ती कोणत्याही कोर्टाला परत देता येणार नव्हती.

तो सुटला त्या दिवशी गयाबाई जेलच्या फाटकाबाहेर उभी होती. अंकुर बाहेर आला, तिच्या पाया पडला आणि सुशीलच्या मोटारसायकलवर बसून निघून गेला. रसमड्याला कारखान्याजवळ त्याने खोली घेतली. कोहक्याच्या घरी तो आला नाही. त्या घरात आता गयाबाईशिवाय कोणी उरलंही नव्हतं. प्रांजली गुंजनला घेऊन रिसालीला भाड्याच्या खोलीत राहायला गेली होती. रविवारी तेवढी गुंजन आजीकडे यायची.

प्रांजलीची केस दुर्गच्याच कोर्टात लागली. मारहाणीची, संरक्षणाची आणि वेगळं होण्याची. साक्षीदार म्हणून तिने गयाबाईचं नाव दिलं. त्याआधी तिने विचारलं होतं, "आई, द्याल काय साक्ष? नाई म्हटलं तरी मी रागावनार नाई."

गयाबाईने दिली. अंकुर समोरच्या बाकावर बसला होता, केस विरळ झालेले, हात गुडघ्यांवर. त्याच्याकडे पाहत पाहत तिने सगळं सांगितलं. कधी मारायचा, कशाने मारायचा, डॉक्टरला ती स्वतः काय खोटं बोलली, ठाण्याच्या वाटेत दारात कशी उभी राहिली. अंकुरच्या वकिलाने विचारलं की मुलावर राग आहे म्हणून तुम्ही हे बोलताय का. ती म्हणाली, "राग माह्यावर आहे."

बाहेर व्हरांड्यात ती पाणी पीत होती तेव्हा अंकुर जवळ आला. सुटला त्या दिवसानंतर तो पहिल्यांदाच तिच्या इतक्या जवळ उभा होता. मधे काच नव्हती.

"तू तेव्हाच बोलली असती," तो म्हणाला, "तर मी ऐकलं असतं का नाई, मले माहीत नाई."

"मलेबी नाई."

"गुंजन येते म्हने तुह्याकडं. रविवारी." त्याने घसा साफ केला. "येऊ काय मी? दुरूनच पाहीन. बोलनार नाई."

गयाबाईच्या जिभेवर 'ये' हा शब्द आला. त्याच्यासाठी तिने आयुष्यात एवढं तरी करावं, असं तिला फार वाटलं. तिने पाण्याची बाटली बंद केली.

"मले 'ये' म्हनता येत नाई, अंकुर. थे प्रांजलीले विचारावं लागते. अन् तिनं नाई म्हटलं तर तुले कोर्टात अर्ज कराचा हक आहे. तुहा वकील सांगन तुले."

अंकुरने मान हलवली.

"म्हनजे अजून थांबू," तो म्हणाला.

"हो," गयाबाई म्हणाली. इतकी वर्षं ज्याला खोटं सांगून थांबवलं, त्यालाच ती आज पुन्हा थांब म्हणत होती. पण ह्या वेळी तिने त्याला तारीख दिली नाही, आशा दिली नाही, मनाने रचलेलं काहीच दिलं नाही. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला प्रांजली टीनाशी बोलत उभी होती. गयाबाईने पदराने तोंड पुसलं आणि विचारायला तिच्याकडे निघाली.